साठ ग्रॅम जास्त

माझे सासरे परदेशी आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांच्या हातातल्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळलेलं अर्धा किलोचं एक पितळी वजन होतं. विमानतळावर तपासणीवाल्याने ते बाहेर काढून हे काय म्हणून खुणेने विचारलं. सासऱ्यांनी मराठीत उत्तर दिलं, पाचशे ग्रॅम. याहून जास्त सांगण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटलं नाही. तपासणीवाल्याने ते हातात तोलून पाहिलं, मान हलवली आणि परत दिलं. मला हे त्यांनी गाडीत सांगितलं आणि वर म्हणाले की त्या माणसाचा हात चांगला होता, वजन कळत होतं त्याला.

चौतीस वर्षं ते वजनमापे निरीक्षक होते. दुकानांतले, मंडईतले, गोदामांतले काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर उचलून न्यायचे. पारड्याखाली चिंच चिकटवणारे, वजनाच्या बुडातलं शिसं काढून घेणारे, बोलता बोलता करंगळीने दांडी मारणारे असे सगळे महाभाग त्यांनी पकडले होते. गावात त्यांना काटेवाले साहेब म्हणत. ते नुसते रस्त्याने गेले तरी दुकानदार उगाच ताठ बसायचे. निवृत्तीच्या दिवशी कचेरीने शाल, नारळ आणि हे पितळी वजन दिलं. नारळ खाल्ला, शाल कुणाला तरी दिली, वजन जपलं.

या सचोटीबद्दल सासूबाईंची एक ठरलेली तक्रार होती. मी जेवायला गेलो की पोळी वाढता वाढता त्या हसत म्हणायच्या, "तुमच्या सासऱ्यांच्या कृपेने मला जन्मात कुणी मूठभर कोथिंबीर वर घातली नाही हो. लोकांच्या बायका पिशवी भरून आणतात, आणि मी आपली तोलूनमापून." आम्ही सगळे हसायचो. सासरे हसत नसत. त्यांचा स्वभावच तसा असं मी धरून चाललो होतो.

सासूबाई गेल्या. त्यानंतर आठ महिने ते एकटे राहिले. मुलगी एकच, ती इतक्या लांब. शेवटी बायकोने जाऊन त्यांना आणलं. ते आले, पण मुलीच्या घरी किती दिवस राहायचं असतं, हे पालुपद काही सुटलं नाही. फ्रिज उघडायच्या आधी विचारायचे. मला अहोजाहो करायचे, जावईबापू म्हणायचे. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. आमच्या घरी हा ग्रह सकाळी साडेसातला मावळायचा आणि संध्याकाळी सहाला उगवायचा. माझ्या पाठोपाठ बायकोही कामावर जायची.

मग पाचव्या मजल्यावरच्या त्या तीन खोल्यांत ते एकटे. इस्त्रीचं टेबल आणि जादा गाद्या ठेवायची खोली आम्ही त्यांना रिकामी करून दिली होती. तिच्या खिडकीत ते उभे राहायचे. कचऱ्याची गाडी कोणत्या वारी येते, समोरच्या इमारतीतली म्हातारी कुत्र्याला दिवसातून किती वेळा खाली आणते, हे त्यांना पाठ झालं होतं. बिस्किटांच्या पुड्यांवरचं वजन वाचून झालं होतं, आणि ते बरोबर आहे हेही तपासून झालं होतं. टीव्हीतलं कळायचं नाही, म्हणून आवाज बंद करून चित्रं बघायचे. दुपारी बायको ऑफिसातून फोन करायची. जेवलात का? जेवलो. गोळी? घेतली. झालं. संध्याकाळी आम्ही दार उघडून आत आलो की त्यांचं पहिलं वाक्य घशातच अडकायचं, खाकरून पुन्हा म्हणावं लागायचं. दिवसभर आवाज वापरलेलाच नसायचा. हे मला दिसत होतं. दिसून मी काय केलं, तर त्यांना खोकल्याच्या गोळ्या आणून दिल्या.

शनिवारच्या बाजारात त्यांना घेऊन जा, हे बायकोचं डोकं. घरापासून दहा मिनिटांवर वाचनालयामागे मोकळी जागा आहे. एरवी तिथे गाड्या उभ्या असतात, शनिवारी सकाळी आसपासचे शेतकरी आपापला माल घेऊन बसतात. कापडी छपरांची वीसेक दुकानं, लाकडी खोकी, मातीसकट भाजी. मला वाटलं, भाजी बघून त्यांना बरं वाटेल. त्यांनी भाजीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते प्रत्येक दुकानासमोर थांबून काटा बघत होते. ताटली स्वच्छ आहे का, काटा सपाटीवर आहे का, आकडा गिऱ्हाइकाला दिसतो का. हा तिरका बसवलाय, हा फार आत ठेवलाय, असं माझ्या कानात कुजबुजत होते. ओरडून सांगितलं असतं तरी तिथे कुणाला कळणार नव्हतं.

अगदी कोपऱ्यात एक बाई बसायची. बटाटे, गाजर, कांदे, बीट, म्हणजे जमिनीखाली पिकतं तेवढंच विकायची. वयाने सासऱ्यांच्याच जवळपास, डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली लोकरीची टोपी, बोटं कापलेले हातमोजे, नखांत माती. तिचा काटा समोर, सरळ आणि लख्ख पुसलेला होता. सासऱ्यांनी वाकून पाहिला आणि तिला म्हणाले, काटा छान ठेवलाय बाई तुम्ही. मराठीत. ती हसली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. त्यावर हे आणखी काही बोलले. मी दुभाषाचं काम करायला पुढे झालो, पण माझी वाट कुणी बघतच नव्हतं.

तेव्हापासून दर शनिवारी ते एकटे जायला लागले. आठवड्यात दाढी एकदाच, शनिवारी सकाळी. पिशवी शुक्रवारीच दाराच्या कडीला अडकवून ठेवायची. आणायचे काय, तर अर्धा किलो गाजर नाहीतर चार बटाटे. बायको म्हणायची, बाबा, आठवड्याचं एकदम आणा ना. तर म्हणायचे, संपलं तरच पुन्हा जायला कारण राहील. आम्हाला तो विनोद वाटायचा.

बाजारातून आले की त्यांच्याजवळ बातम्या असायच्या. टोपीवालीच्या नवऱ्याचा गुडघा धरलाय. मी विचारलं, कसं कळलं तुम्हाला? म्हणाले, तिने आधी बोटातली अंगठी दाखवली, मग पाय दाखवला, मग तोंड वाकडं केलं. पुढे मला कळलं की गुडघा नव्हता, कंबर होती. पण नवरा बरोबर होता. एकदा सांगत आले की आमची ही गेली ते तिला सांगितलं. मी म्हटलं, सांगितलं कसं? "मराठीत," ते म्हणाले. "समजलं तिला. हातातलं काम ठेवून दिलं तिनं." आठवड्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटं, एका बाईशी ते बोलत होते, आणि तेवढ्या जोरावर पुढचे सहा दिवस खिडकीत काढत होते. हे तेव्हा नीट समजलं असतं तर पुढचं झालं नसतं.

बायको केक करते, त्यासाठी आमच्याकडे एक छोटा काटा आहे. सासऱ्यांनी आधी पितळी वजन ठेवून तो खात्रीचा करून घेतला आणि मग, सवय जाते कुठे, बाजारातून आणलेली गाजरं त्यावर ठेवली. टोपीवालीच्या काट्यावर पाचशे दहा होती, घरी पाचशे सत्तर भरली. पुढच्या शनिवारी बटाटे पंचावन्न ग्रॅम जास्त. त्याच्या पुढच्या शनिवारी कांदे सत्तर. कमी कधीच नाही. ते अस्वस्थ झाले. चौतीस वर्षं त्यांनी गिऱ्हाइकाला लुबाडणारे काटे पकडले होते, दुकानदारालाच लुबाडणारा काटा हा पहिलाच. मला म्हणाले, "जावईबापू, बाई बुडेल हो. दर गिऱ्हाइकामागे एवढं जातंय. तुम्ही येऊन तिला नीट समजावून सांगा. मला ते खुणांनी जमायचं नाही."

मी म्हटलं, पुढच्या शनिवारी नक्की. पुढच्या शनिवारी मला झोपायचं होतं. त्याच्या पुढच्या शनिवारी गाडी धुवायची होती. आजचं उद्यावर टाकण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तिसऱ्या शनिवारी गेलो, तर चौकात ऑफिसचा फोन आला. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच, असं म्हणून मी कोपऱ्यावर बोलत उभा राहिलो.

मी पोचलो तेव्हा दुकानासमोर पाच-सहा माणसांची रांग होती. सासऱ्यांची पिशवी भरून झाली होती. त्यांनी कोटाच्या खिशातून पितळी वजन काढून टोपीवालीच्या काट्यावर ठेवलं होतं. पाचशे. त्यांनी ते उचलून ताटलीच्या एका कोपऱ्यात ठेवलं. पाचशे. चारी कोपऱ्यांत ठेवून पाहिलं, काटा तपासायची रीतच आहे ती. चारी वेळा पाचशे. ते गोंधळून आकड्याकडे बघत होते. रांगेतली माणसं बघत होती टोपीवालीकडे. काटा तपासायला आलेल्या माणसाचा अर्थ कुठल्याही देशात एकच होतो.

ती माझ्याशी बोलली, त्यांच्याशी नाही. म्हणाली, वीस वर्षं मी इथे बसते, माझ्या काट्यावर आजपर्यंत कुणी स्वतःचं वजन ठेवून पाहिलेलं नाही. मी घाईघाईने सगळं सांगितलं. ते कोण होते, घरी तोलून काय दिसलं, आणि काटा गिऱ्हाइकाला फसवत नाही, तुम्हालाच बुडवतोय अशी त्यांची काळजी होती. ती ऐकत राहिली. मग हातमोजा काढून तिने कपाळ पुसलं.

"काटा बरोबर आहे," ती म्हणाली. "तोलून झालं की मी वर एक टाकते. यांच्या एकट्याच्या पिशवीत. एवढंसं घेतात आणि इतका वेळ थांबतात."

चौतीस वर्षं विकणाऱ्याच्या हातावर नजर ठेवणाऱ्या माणसाला ते वरचं गाजर दिसलं नाही, कारण त्या वेळी ते तिच्या तोंडाकडे बघून बोलत असायचे.

मी त्यांना एवढंच सांगितलं की काटा ठीक आहे, ती खुशीने थोडं जास्त देते. ते म्हणाले, "ती याच्यापेक्षा जास्त बोलली." माप मारलेलं त्यांना लगेच कळतं. मग मी पूर्ण सांगितलं. एवढंसं घेतात आणि इतका वेळ थांबतात, हेही. सांगताना मला लाज वाटली, त्यांची नव्हे, माझी. आम्ही एका घरात राहून खोकल्याच्या गोळ्या देत होतो आणि मातीने भरलेल्या हातांची ही बाई गाजर देत होती.

सासऱ्यांनी वजन रुमालाने पुसून खिशात टाकलं. "चला," एवढंच म्हणाले आणि निघाले. पिशवी तिथेच राहिली. टोपीवालीने ती उंच धरून मागून हाक मारली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

पुढचे दोन शनिवार ते गेले नाहीत. पहिल्या शनिवारी गुडघा दुखतोय म्हणाले, दुसऱ्या शनिवारी काहीच म्हणाले नाहीत. दाढी वाढली. बोलणं आधीच थोडं होतं, ते फोनवरच्या जेवलो आणि घेतलीवर आलं. बायको माझ्यावर चिडली आणि ते बरोबरच होतं. रविवारी सकाळी आम्ही दोघं स्वयंपाकघरात होतो, ती मटार सोलत बसली होती, तेही येऊन सोलायला लागले. तिने विषय काढला. म्हणाली, एवढं काय मनाला लावून घेतलंत बाबा, एक गाजर तर दिलं तिनं. नको असेल तर नको म्हणायचं.

मग खाकरून त्यांनी सांगितलं ते आम्ही दोघांनीही कधी ऐकलं नव्हतं. नोकरीचं पहिलंच वर्ष होतं, माझी बायको तेव्हा सहा महिन्यांचं मूल. सासूबाई मंडईतून मेथी घेऊन आल्या, आणि पिशवीत कोथिंबिरीची एक जुडी. ही कशी, विचारलं तर म्हणाल्या, वर घातली भाजीवालीनं. सासऱ्यांनी सांगितलं, परत देऊन ये. निरीक्षकाच्या बायकोला वर घातलेलं म्हणजे लाच.

"ती म्हणाली, आत्ता?" सासरे सांगत होते. "मी म्हटलं, आत्ता. भर दुपारी, तुला कडेवर घेऊन गेली. सगळ्या मंडईदेखत भाजीवालीच्या पाटीत जुडी ठेवून आली. त्यानंतर कुणी तिला वर घातलं नाही. कोण घालणार? ती ते हसत सांगायची, तुम्ही हसायचात. मला ऐकवायचं नाही."

बायकोच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती म्हणाली, आईने हे आम्हाला कधीच सांगितलं नाही.

"लहान पोर कडेवर बघून दिलं असेल गं त्या बाईने," ते म्हणाले. "मला त्यात लाचच दिसली. माणूस नुसतं देतो, हे मला कुणी शिकवलंच नाही." मग त्यांनी सालं गोळा केली आणि उठून गेले.

त्यापुढच्या शनिवारी मी उठलो तेव्हा ते दाढी करून, कोट घालून खुर्चीत बसले होते. दुसरी पिशवी काढलेली होती. म्हणाले, "आज तुम्ही या. दोन शब्द लागतील मला." झोप, गाडी, फोन, सगळं सोडून मी निघालो. जाताना पाहिलं, पितळी वजन त्यांच्या खोलीतल्या खिडकीत ठेवलेलं होतं. कोटाचा खिसा सपाट होता.

टोपीवालीने आम्हाला लांबूनच पाहिलं. हसली नाही. आमची पाळी आली तेव्हा सासऱ्यांनी गाजराकडे बोट दाखवलं. तिने तोललं, पाचशे पाच. काटा त्यांच्याकडे वळवून दाखवला, गाजरं पिशवीत ओतली, पिशवी पुढे सरकवली आणि दोन्ही हात फळीवर पसरून ठेवले, काही लपवलेलं नाही हे दिसावं म्हणून. चोख व्यवहार होता. काटेवाले साहेबांच्या बायकोशी मंडई जशी जन्मभर वागली, तसाच.

त्यांनी पिशवी उचलली नाही. मागे रांग होती. टोपीवालीने मला विचारलं, आणखी काय हवंय? मी त्यांच्याकडे पाहिलं.

"तिला म्हणावं, वर एक घाल," ते म्हणाले.

ऐकण्यात चूक झाली असं मला वाटलं असावं.

"विचारा ना," ते म्हणाले. "मागून घेतोय म्हणावं."

मी सांगितलं. मग ढिगात हात घालून तिने एक गाजर काढलं, ते ठेवून दुसरं काढलं, माती झटकली आणि पिशवीत टाकलं. सासऱ्यांनी पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी उघडून धरलं होतं. मग ती तिच्या भाषेत काहीतरी बोलली, हे मराठीत काहीतरी बोलले, आणि रांगेतल्या माणसांना आमच्यामुळे थांबावं लागतंय म्हणून मी उगाचच मागे वळून त्यांना माफ करा म्हणत राहिलो. दहा मिनिटं गेली असतील.

आम्ही घरी निघालो. पिशवी मी घेतो म्हटलं तर दिली नाही. लिफ्टमध्ये शिरलो, पाचव्या मजल्याचं बटण मी दाबलं. दार लागलं. त्यांनी पिशवीत बघितलं, अगदी वर ते एक गाजर होतं.

"आता ही नाही, हे सांगायचं कुणाला?" ते म्हणाले.

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. पण ते मला विचारत नव्हते.